फुगे, पॅराशूट आणि सोलापूरचं शिवार

आकाशातले क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. सोलापुरात गच्चीवर कितीही मोठी दुर्बीण लावली, तरी ते हाती लागायचे नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडले. 1968 साली अशाच एका फुग्याखाली उपकरण टांगून संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वृश्चिक राशीतल्या ‘स्कॉर्पियस एक्स-1’ या स्रोताचे क्ष-किरण मोजले. पुढे हैदराबादला फुग्यांचं कायमचं केंद्र झालं.

या इतिहासात आमचा जिल्हा आला तो वाऱ्यामुळे. फुगा 30 ते 42 किलोमीटर उंचीवर वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि काम संपलं की उपकरणं पॅराशूटने खाली येतात. ती कुठे उतरतील, हे संस्थेच्या जाहीर निवेदनात लिहिलेलं असतं: साधारण विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेवर, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. अक्कलकोट, उमरग्याकडच्या मुलांना ते निवेदन मुद्दाम वाचून दाखवायचो. उपकरणांची पेटी उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा, बक्षीस मिळेल.

‘सर, एवढा खटाटोप कशासाठी?’ मुलं विचारायची. मग मी एएम हर्क्युलिसची हकीकत सांगायचो. माक्स वोल्फ यांनी 1923 मध्ये हा तेज बदलणारा तारा नोंदवला. त्याचं गुपित 1976 मध्ये उलगडलं. सान्तियागो तापिया यांना त्याचा प्रकाश ध्रुवित आढळला आणि मागचं जबरदस्त चुंबकत्व उघड झालं. तिथे दोन तारे साधारण तीन तासांत एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक श्वेत बटू, आकाराने पृथ्वीच्या जवळपास, चुंबकीय क्षेत्र मात्र पृथ्वीच्या कोट्यवधी पट. तो जोडीदाराचा वायू ओढून घेतो. एरवी असा वायू ताऱ्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो. इथे चुंबकीय क्षेत्र तबकडी बनूच देत नाही. वायू बलरेषांवरून थेट ध्रुवाकडे घसरतो, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आदळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. या आघाताची खबर आणतात ते हेच किरण.

फुग्यांवर घडलेल्या शास्त्रज्ञांनी पुढे ॲस्ट्रोसॅटची उपकरणं बांधली. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या या उपग्रहावरची लॅक्सपीसी आणि एसएक्सटी ही क्ष-किरण उपकरणं टाटा संस्थेतलीच. फुग्याखालची पेटी शाबूत परत मिळाली, तरच ती पुन्हा उडवता येते. म्हणून रानात पडलेली पेटी न फोडता पोलिसांत वर्दी देणारा प्रत्येक शेतकरी या शास्त्राचा भागीदार आहे, असं मी मानतो. त्याचं नाव कुठल्या शोधनिबंधात येत नाही. तुमच्या गावात अशी पेटी उतरली असेल, तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. साल, शिवार आणि हकीकत आजच लिहून ठेवा.