बंब, गीझर आणि तिसरी पिन

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घरी गीझर हलवला. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून वरच्या न्हाणीघरातला गीझर खाली आणायचा, एवढंच काम. प्लंबर तासाभरात मोकळा झाला. मग प्रश्न आला, वीज कुठून घ्यायची? बाबांनी मिक्सरच्या प्लगकडे बोट दाखवलं, "तिथूनच ओढा की एक वायर!" वायरमनकाका नुसतेच हसले.

बाबांचंही चूक नाही. ते बंबाच्या जमान्यातले. आजीचा तांब्याचा बंब हलवायचा म्हणजे दोघांनी दोन कड्या धरायच्या, की झालं. मधल्या नळीत लाकडं-गोवऱ्या पेटायच्या, भोवतीचं पाणी तापायचं आणि धूर त्याच नळीतून वर जायचा. बंबाला ना भिंत लागायची, ना वायर.

'गीझर' हा शब्द आईसलँडमधल्या गेसिर नावाच्या उष्ण झऱ्यावरून आलाय. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. गंमत म्हणजे त्या यंत्राला धूर बाहेर न्यायला नळकांडंच नव्हतं! जळालेला वायू न्हाणीघरातच कोंडायचा. पाणी गरम, पण जीव धोक्यात.

आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांत वीज आली ती दिव्यांसाठी, मग पंख्यासाठी. वायरही तेवढ्याच बेताची. म्हणून अजून आपण 'लाइटचा पॉइंट' आणि 'पॉवरचा पॉइंट' असं वेगळं म्हणतो. लहान प्लग ५ अँपियरचा, मोठा १५ चा (आता ६ आणि १६). आपला गीझर २००० वॅटचा. २३० व्होल्टला भागा, जवळजवळ पावणेनऊ अँपियर होतात. मिक्सरच्या प्लगवर तो लावला असता तर आधी प्लग तापला असता, मग भिंतीतली वायर.

हे गोल पिनांचे प्लग इंग्रजांचे. १९३४ साली त्यांनी त्याचं मानक ठरवलं. १९४७ साली त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला नवा प्लग आणला. म्हणजे ज्या वर्षी ते इथून गेले, त्याच वर्षी त्यांच्याकडे हे प्लगही जुने ठरले. आपण मात्र गोल पिनाच ठेवल्या. असो.

त्यातली तिसरी पिन जाड आणि लांब असते. जाड अशासाठी की ती चुकून वीज असलेल्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं.

काकांनी वरचं जुनं सॉकेट उघडलं आणि आम्हाला बोलावलं. तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. इतकी वर्षं!

आई कितीदा म्हणायची, "नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." आम्ही म्हणायचो, "थंडी असेल." बाबा म्हणायचे, "वय झालं." गीझरच्या आतून थोडी वीज पत्र्यावर उतरत होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ओल्या फरशीवर उभी राहिलेली आई हीच तिची वाट. मॉघनच्या यंत्राला जसं धुराडं नव्हतं, तसं आमच्या गीझरला अर्थिंग नव्हतं. आजीच्या बंबाला मात्र स्वतःची वाट होती.

गीझरचा गळका कॉइल बदलला. मेन बोर्डापासून चार एमएमची वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी, अंगणात अर्थिंगचा खड्डा, आणि ३० मिलिअँपियर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी. दोन दिवस गेले आणि बाबा खर्चावरून कुरकुरले.

तिसऱ्या दिवशी आई न्हाऊन बाहेर आली. "आज नळ गप्प आहे रे," म्हणाली. मला काही बोलताच आलं नाही.

तुमच्याही घरात कुणी झिणझिण्या येतात म्हणत असेल, तर हसू नका. आधी तिसऱ्या भोकामागे वायर आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या.