ओळंब्याची कुळकथा

गवंडी भिंतीच्या माथ्याशी लाकडी ठोकळा टेकवतो आणि त्याच्या मधल्या भोकातून दोरी सोडतो. टोकाला लोखंडी किंवा पितळी गोळा असतो. ठोकळ्याची रुंदी गोळ्याच्या व्यासाइतकीच ठेवलेली असते. झुलणं थांबलं की तो खाली वाकून बघतो. गोळा भिंतीला निसटता लागला, तर भिंत ओळंब्यात. फट पडली, तर वरचे थर बाहेर आलेत. गोळा भिंतीवर रेलला, तर खालचे.

हे घराणं फार जुनं आहे. इजिप्तमधल्या देर अल-मदिना इथे सेन्नेजेम या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये उघडलं, तेव्हा त्यात ओळंबा, गुण्या आणि सपाटी तपासायची त्रिकोणी चौकट मिळाली. ही हत्यारं इ.स.पू. तेराव्या शतकातली आहेत. आपल्याकडे आर्यभटाने ‘आर्यभटीया’त (इ.स. ४९९) नियम सांगितला, की जमिनीची सपाटी पाण्याने तपासावी आणि उभी रेषा ओळंब्याने. गवंड्याच्या पिशवीत पाणसळ आणि ओळंबा आजही शेजारी असतात.

गोळा जड घेतात तो दोरी ताठ राहावी आणि वाऱ्याने हलू नये म्हणून. दोरीची दिशा मात्र त्याच्या वजनावर ठरत नाही. पावशेराचा गोळा असो की दहा किलोचा, स्थिर झाल्यावर दोन्ही दोऱ्या एकाच दिशेने लटकतात. ती दिशा तिथलं गुरुत्वाकर्षण ठरवतं. मग शेजारी अख्खा डोंगर असेल तर?

१७७४ साली नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या उत्तर आणि दक्षिण उतारांवर ताऱ्यांचे वेध घेऊन हे तपासलं. डोंगराने दोन्हीकडचा ओळंबा आपल्याकडे ओढला होता. दोन्ही बाजूंचं विचलन मिळून सुमारे ११.६ विकला भरलं. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. त्यावरून चार्ल्स हटन यांनी पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेचार पट काढली. आजचा आकडा साडेपाचच्या आसपास आहे. दोरीला बांधलेल्या गोळ्याने पृथ्वी तोलली गेली.

या कुळकथेतलं सर्वांत मोठं पान भारतात लिहिलं गेलं. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात उत्तरेचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर यांच्यातलं अंतर साखळीने आणि त्रिकोणांनी मोजलं, तसंच ताऱ्यांवरूनही काढलं. दोन्हींत ५.२ विकलांचा फरक आला, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा. हिमालय ओळंबा ओढत असणार, हे उघड होतं. पण कोलकात्याचे जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा फरक जवळजवळ १६ विकलांचा यायला हवा होता. एवढा मोठा हिमालय इतकं कमी का ओढतो? जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवलं: पर्वतांची हलकी मुळं खालच्या जड थरात खोल बुडालेली असतात. पर्वत भूगर्भावर तरंगतात, ही भूशास्त्राची पायाभूत कल्पना या न जुळणाऱ्या मोजमापातून घडत गेली.

आज बांधकामावर लेसर आला आहे. तरीही मोठ्या काँक्रीट धरणांच्या पोटातल्या उभ्या विहिरींत तारेला वजन लटकवलेलं असतं आणि ते डुलू नये म्हणून तेलात बुडवलेलं असतं. जलाशय भरला की पाण्याच्या रेट्याने धरणाचा माथा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जरी सरकला, तरी या तारेवरून ते कळतं. खाली राहणाऱ्या गावांची सुरक्षितता सेन्नेजेमच्या काळच्या हत्यारावरही अवलंबून आहे, आणि ते हत्यार त्या विश्वासाला पुरेपूर पात्र आहे.