आवाज की चेहरा?

परवा भाची घरी आली ती कॅमेऱ्याचं स्टँड घेऊनच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा पॉडकास्ट करायचं तिच्या डोक्यात आहे आणि पहिला मान आमच्या आत्याचा. "मामा, हल्ली नुसता आवाज कोण ऐकतं? व्हिडिओच हवा." मी म्हटलं, "अगं, पॉडकास्ट म्हणजे मुळात ऐकायचीच गोष्ट!" झालं, वाद सुरू. वाद झाला की मी जुन्या गोष्टी उकरत बसतो, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. तर त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी पॉडकास्टचंच बघू. डिसेंबर २००० मध्ये डेव्ह वायनर यांनी आरएसएसमध्ये ध्वनिफीत जोडायची सोय केली. त्यामुळे नवा भाग आला की तो आपोआप आपल्या संगणकावर उतरू लागला. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्सली यांनी २००४ साली 'गार्डियन'मधल्या लेखात वापरला आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरात चित्रफिती दाखवणारा आयपॉडही आला. म्हणजे व्हिडिओ पॉडकास्ट हे आजचं खूळ नाहीच, ते जवळजवळ जुळं भावंड!

मग आवाजच पुढे का गेला? साधा हिशोब आहे. ६४ केबीपीएसने साठवलेलं तासाभराचं बोलणं २९ एमबीत मावतं. बेताचं चित्र, म्हणजे १ एमबीपीएसचं, घ्यायचं तर तेवढ्याच वेळाला ४५० एमबी लागतात. तेव्हाच्या घरगुती इंटरनेटवर एवढं उतरवायचं म्हणजे संगणक रात्रभर चालू ठेवायचा! शिवाय ऐकताना हात मोकळे राहतात. भाजी निवडता येते, बस पकडता येते. यातली पहिली अडचण आता राहिलेली नाही. आपल्याकडे महिन्याला १०० कोटींहून जास्त लोक पॉडकास्टसाठी येतात, असं यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे भाचीचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

पण आवाज की चित्र, हा प्रश्न आपल्या घरांत त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचं. आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात एकूण ५६. देशात तेव्हा दूरदर्शन नव्हतंच, ते दिल्लीत आलं १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत, असं आमची आई सांगायची. तिच्या मनातला राम थोडासा तिच्या थोरल्या भावासारखा दिसायचा म्हणे! पुढे जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागरांची मालिका लागली. तेव्हा तेच हार टीव्हीला पडले आणि रामाला एकच चेहरा मिळाला, अरुण गोविलांचा. आईने ती मालिकाही एक रविवार न चुकवता पाहिली. पण नंतर गीतरामायण लावलं की म्हणायची, "आता मला दादा दिसतच नाही रे." तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

म्हणजे चित्र नकोच का? तसंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ टेपवरही घेतल्या. २०१७ पासून 'पारी'ने हा संग्रह लोकांपुढे आणायला सुरुवात केली आणि त्यातल्या काही गायिकांना पुन्हा गाठून त्यांच्या चित्रफितीही घेतल्या. आमच्या भाचीने जातं फिरताना कधी पाहिलेलंच नाही. एका खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं आणि त्या फेऱ्यावर ओवी बसायची, हे तिला नुसत्या आवाजातून कसं कळणार? जिथे हातांना काही सांगायचं असतं, तिथे चित्र हवंच. या मुद्द्यावर मी माघार घेतली.

आता आत्या. वय ८१. लग्न होऊन ती पाटण भागात गेली होती आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिथेच होती. भाचीने कॅमेरा लावला. आत्याने इरकली नेसली, पदर चार वेळा सारखा केला आणि म्हणाली, "भूकंप फार मोठा होता. देवाच्या कृपेने आम्ही सगळे वाचलो." संपलं! शाळेतल्या भाषणासारखं.

दुसऱ्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती. तिला विचारून मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि नुसता आवाज घेतला. अर्ध्या तासाने तिने सांगितलं, "मी पोराला घेऊन अंगणात आले. सासूबाई आत राहिल्या होत्या. हे परत आत निघाले, तेव्हा माझ्या मनात आलं, जाऊ नयेत यांनी." मग बराच वेळ नुसता मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज आहे. सासूबाई वाचल्या. पुढे वीस वर्षं आत्यानेच त्यांचं सगळं केलं. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या काकांनाही नाही.

मी घाबरत विचारलं, "आत्या, हे लोकांना ऐकवायचं का?"
"ऐकव. चेहरा मात्र नको."
"अगं, आवाजावरूनही ओळखतीलच की."
"ओळखू देत. तेव्हा माझ्याकडे बघत तर नसतील ना कुणी!"

हे इथे लिहायलाही तिची परवानगी घेतली आहे. भाचीने ती फीत दोनदा ऐकली आणि स्टँड मिटवून पिशवीत घातलं. ते पुढच्या महिन्यात निघेल, आत्याच्या पुरणपोळ्यांसाठी. त्यात तिचे हात दिसायला हवेत आणि त्याला तिची काही हरकत नाही.