वाचनवहीतला शेरा

जुन्या मराठी दप्तराने आपल्याला मोठे नेमके शब्द दिले आहेत. रोजकीर्द, तेरीज, टिपण आणि शेरा. त्यांतला शेरा मला विशेष प्रिय आहे. कागदाच्या कडेला दोन ओळींत आपले मत नोंदवावे, खाली तारीख घालावी, आणि कागद पुढे पाठवावा. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवणे म्हणजे स्वतःच्या वाचनावर असा शेरा लिहिणे होय. ही सवय अगदी खासगी दिसते; परंतु आमच्या सीमाभागाच्या वाङ्मयीन इतिहासाचे ते एक दुर्लक्षित साधन आहे.

या सवयीचे एक प्रसिद्ध उदाहरण बेळगावच्या इतिहासाला जवळून स्पर्श करते. मार्च 1922 मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात आले. तेथील रोजनिशीत त्यांनी आपल्या वाचनाच्या नोंदी ठेवल्या. अमुक पुस्तक सुरू केले, तमुक संपविले, एवढाच बहुतेक मजकूर. अभिप्राय असलाच तर एखाद्या वाक्याचा. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास तिथे आहे, कुराण आहे, आणि शाळकरी मुलांच्या जीवनावरची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरीही आहे. फेब्रुवारी 1924 मध्ये सुटका झाल्यावर 'यंग इंडिया'तील तुरुंगातील अनुभवांच्या लेखमालेत त्यांनी या वाचनाचा सविस्तर परामर्श घेतला. गिबन आणि महाभारत यांची तुलना करून त्यांनी महाभारताचे पारडे जड ठरविले, ते याच मालेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषविले. त्या अधिवेशनाच्या आठवणी आमच्याकडे अजून सांगितल्या जातात. अध्यक्षांच्या वाचनाच्या नोंदींकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरे उदाहरण तर आमच्या मातीतलेच आहे. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म 1923 साली एकसंबे येथे झाला. निपाणीहून हे गाव फारसे दूर नाही. शिक्षण बेळगावात आणि इंग्रजीचे अध्यापन धारवाडात झाले. सभासमारंभांपासून दूर राहणाऱ्या या लेखकाचे वाचन किती अफाट होते, हे महाराष्ट्राला खऱ्या अर्थाने समजले ते त्यांच्या निधनानंतर (1987) 'जी.एं.ची निवडक पत्रे' प्रसिद्ध झाल्यावर. पुस्तकांविषयीची मते कधी चार ओळींत, कधी पानभर. आवडनिवड स्पष्ट, भीडमुर्वत नाही. कॉनरॅड रिश्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाची पत्रे वाचताना कथांमागचा वाचक दिसू लागतो. एका अर्थी ही पत्रे म्हणजे त्यांची वाचनवहीच. ती वाचली, याचे कारण साधे आहे : सुनीताबाई देशपांडे यांच्यासारख्या स्नेह्यांनी ती जपून ठेवली.

पण जी.ए. एखादेच. बाकीच्या वाचकांचे काय? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे. वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीवरून सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि परतीची तारीख कळते. ते पुस्तक वाचकाच्या मनात कसे उतरले, हे त्या रकान्यांत मावत नाही. (पुष्कळ पुस्तके न वाचताच परत येतात, हे प्रत्येक ग्रंथपाल जाणतो.) 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमाप्रश्नावर मोर्चे, ठराव, निवडणुका यांचे कागद ढिगाने साठले. 2004 पासून तर महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. भाषेसाठी लोक काय बोलले, हे त्यांत सापडते. त्या भाषेत घरोघरी काय वाचले गेले, कोणते पुस्तक अर्ध्यावर टाकले गेले आणि का, हे त्यांत सापडणार नाही. निपाणीच्या तंबाखू कामगारांचे जग कथा-कादंबऱ्यांत आणणारे महादेव मोरे तिथेच पिठाची गिरणी चालवीत. असा लेखक जिथे घडतो, तिथल्या वाचकांचा इतिहास लिहायचा तर आधार अशा खासगी वह्यांचाच घ्यावा लागेल.

म्हणून वही ठेवणाऱ्यांनी समीक्षक होण्याचा प्रयत्न करू नये. पुस्तक विकत घेतले की कोणाकडून आणले, ते लिहावे. वाचन थांबले असेल तर पृष्ठांक लिहावा. दुसऱ्या वाचनात मत बदलले तर नवी नोंद नव्या तारखेने करावी, जुनी खोडू नये. 'कंटाळवाणे' हा एक शब्दही चालेल, पण तारीख हवीच. ग्रंथप्रशंसेची घोटीव वाक्ये भावी संशोधकाच्या काही उपयोगाची नाहीत.

मात्र माणूस गेल्यावर त्याची पुस्तके वाचनालयात येतात आणि वही रद्दीत जाते. सभासदाचा संग्रह देणगी म्हणून स्वीकारताना आपल्या वाचनालयांनी घरच्यांकडे वहीचीही चौकशी करावी, आणि त्यांची हरकत नसेल तर तिलाही दाखल क्रमांक द्यावा.