माँट्रियलचा तहनामा

राष्ट्राराष्ट्रांतील तह बहुधा रणभूमीवरील धूळ खाली बसल्यानंतर होतात. त्यांत एक पक्ष जेता असतो, दुसरा जित असतो, आणि मुलूख, खंडणी व सरहद्द यांच्या तपशिलाने त्यांची कलमे भरलेली असतात. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरी २४ राष्ट्रांनी व युरोपीय आर्थिक समुदायाने ज्या दस्तऐवजावर सह्या केल्या, त्याचा विषय मात्र भूतलापासून पंधरा ते तीस किलोमीटर उंचीवर पसरलेला ओझोन वायूचा एक विरळ थर हा होता. आज हवामानबदलाच्या प्रश्नावर जागतिक परिषदा भरतात, रात्र रात्र खल चालतो, आणि पुष्कळदा निराशाच पदरी पडते. अशा वेळी, सर्व राष्ट्रांनी मान्य केलेला आणि प्रत्यक्षात अमलात आलेला हा एक तहनामा कसा घडला, हे मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

या कथेचे मूळ शीतकरणाच्या व्यवसायात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोस्टनच्या परिसरातील तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजांनी कलकत्ता व मुंबई येथे आणीत असत, आणि तो साठविण्यासाठी मुंबईच्या कोटात बर्फघर उभारलेले होते. पुढे यंत्राच्या साहाय्याने थंडी उत्पन्न करण्याची विद्या आली. परंतु त्या यंत्रांतून खेळविले जाणारे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व मेथिल क्लोराइड हे वायू विषारी असल्यामुळे, नळीला बारीकशी चीर पडली तरी घरातील माणसे दगावण्याचा धोका असे. या संकटावर उपाय म्हणून १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू शीतकरणासाठी सिद्ध केला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढे मिजलीने हा वायू छातीभर ओढून घेतला आणि तो हळूच पेटत्या मेणबत्तीवर सोडला. ज्योत विझली, मिजली सुखरूप राहिला, आणि वायू विषारीही नाही व ज्वालाग्राहीही नाही, या दोन्ही गोष्टींचा पुरावा सभेला एकाच श्वासात मिळाला. पुढील चाळीस वर्षांत रेफ्रिजरेटर, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवाऱ्यांचे डबे आणि गाद्यांचा फेस अशा असंख्य वस्तूंत या वायूने प्रवेश केला.

ज्या स्थैर्यामुळे हा वायू माणसाला निरुपद्रवी ठरला, तेच स्थैर्य वातावरणाच्या मुळावर आले. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना यांनी असे प्रतिपादन केले, की खालच्या हवेत हा वायू कशानेच नष्ट होत नाही. तो सावकाश वर चढतो, तेथे प्रखर अतिनील किरणांनी त्याचे विघटन होते, आणि मुक्त झालेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा संहार करतो. हे अनुमान तर्कशुद्ध होते, पण उत्पादकांनी त्याला दाद दिली नाही. प्रत्यक्ष प्रमाण आले ते १९८५ च्या मे महिन्यात, अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश निरीक्षणकेंद्रातून. तेथे १९५७ च्या सुमारापासून डॉब्सनचे उपकरण चालत होते. लांबट पेटीसारख्या या उपकरणात सूर्यप्रकाशातील दोन अतिनील तरंगलांबी निवडतात. त्यांपैकी एक ओझोन अधिक शोषतो, दुसरी कमी, आणि या दोहोंच्या तीव्रतेतील तफावतीवरून माथ्यावर किती ओझोन आहे याचे गणित मांडतात. जो फार्मन व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी नोंदवह्या पडताळून पाहिल्या, तेव्हा ऑक्टोबर महिन्याची सरासरी पूर्वीच्या सुमारे ३०० एककांवरून २०० च्या आसपास उतरलेली आढळली. कडाक्याच्या थंडीत वर्षानुवर्षे निमूटपणे नोंदी करीत राहिलेल्या त्या निरीक्षकांचे ऋण मानवजातीने विसरता कामा नये.

ही वार्ता प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २२ मार्च १९८५ रोजी, व्हिएन्ना येथे ओझोनच्या संरक्षणार्थ एक करार झाला होता. पण त्यात संशोधन व सहकार्य यांच्या आश्वासनांपलीकडे कोणावर सक्तीचे बंधन नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा, यांनी पुढील अडीच वर्षे सर्व पक्षांची मनधरणी करून त्या सांगाड्यात प्राण भरला. माँट्रियलच्या मसुद्यात उत्पादन व वापर प्रथम १९८६ च्या पातळीवर गोठविण्याची, आणि शतक संपण्यापूर्वी निम्म्यावर आणण्याची मुदत ठरली. तहात सामील न होणाऱ्या राष्ट्रांशी या वायूंचा व्यापार करण्यास मनाई झाली. आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शास्त्रज्ञांच्या नियमित अहवालांनुसार कपातीचे प्रमाण वाढविण्याची वाट तहातच मोकळी ठेवण्यात आली. ओझोनच्या ऱ्हासाला क्लोरीनच कारण आहे हे सिद्ध करणाऱ्या विमानफेऱ्यांचे निष्कर्ष या सह्या झाल्यानंतर जाहीर झाले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या मुत्सद्द्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते.

तथापि भारत व चीन या दोन विशाल देशांनी आरंभी सही केली नाही, आणि त्यांची हरकत रास्त होती. ज्यांनी अर्धशतक हा वायू हवेत सोडला, त्यांच्या चुकीची भरपाई ज्यांच्या घरी अजून शीतकपाट आलेच नव्हते त्यांनी का करावी? माणशी वार्षिक ३०० ग्रॅमपेक्षा कमी वापर असलेल्या विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत माँट्रियलमध्येच मिळाली होती. पण नवे तंत्रज्ञान व त्यासाठी लागणारा पैसा यांची हमी मिळाली नव्हती. १९९० च्या जूनमध्ये लंडनला भरलेल्या बैठकीत भारताच्या तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मेनका गांधी यांनी हा मुद्दा आग्रहाने लावून धरला, आणि अखेर बहुपक्षीय निधीची स्थापना झाली. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरची तरतूद झाली, व भारत आणि चीन सामील झाल्यास आणखी ८ कोटी देण्याचे ठरले. १९९२ मध्ये भारत तहात दाखल झाला, आणि २०१० ची मुदत असतानाही आपल्या कारखान्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बनचे सर्वसाधारण उत्पादन त्याने २००८ मध्येच बंद केले.

या तहाचा हवामानाशी असलेला संबंध एका भारतीयाने फार पूर्वीच ओळखला होता. वीरभद्रन रामनाथन या तरुण अभियंत्याची सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर-कारखान्यातील कामगिरी हीच होती, की यंत्रांतून वायू इतक्या लवकर का गळून जातो याचा छडा लावावा. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९७५ साली त्यांनीच दाखवून दिले, की या वायूचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंइतकी उष्णता अडवून धरतो. म्हणजे ओझोनसाठी केलेल्या तहाने पृथ्वीचे तापमानही आवरले. २००७ मधील एका अभ्यासानुसार, हवामानबदलासंबंधीच्या क्योतो करारातील पहिल्या टप्प्याच्या उद्दिष्टाहून कित्येक पटींनी अधिक काम त्याने केले. मात्र पर्याय म्हणून आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला न दुखविता उष्णता तेवढी वाढवू लागले, तेव्हा १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे रवांडातील किगाली येथे तहनाम्यात दुरुस्ती झाली. श्रीमंत राष्ट्रांनी कपातीचा आरंभ २०१९ पासून करावा, आणि भारताने २०२८ मध्ये वापर गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात साधावी, असा क्रम ठरला.

हवामानाच्या करारांना मात्र असे यश आले नाही: क्योतोच्या १९९७ मधील कराराला अमेरिकेने मान्यता दिली नाही, आणि २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राने आपले उद्दिष्ट आपणच ठरवावयाचे आहे. कोळसा व खनिज तेल यांचा पसारा एका वायूच्या उद्योगापेक्षा शेकडो पटींनी मोठा आहे, हे खरे; म्हणून माँट्रियलचे यश तेथे जसेच्या तसे उतरेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या यशाची कारणे स्पष्ट आहेत: बंधन नेमके होते, मुदत प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे होती, खर्चाचा वाटा ज्याच्या त्याच्या दोषाप्रमाणे उचलला गेला, आणि विज्ञान पुढे जाईल तसा तह पुढे गेला. दुर्बलांना न्याय मिळाला म्हणूनच जगातील एकूण एक राष्ट्र त्यात सामील झाले. हवामानाच्या वाटाघाटींत आपले प्रतिनिधी निधीची व तंत्रज्ञानाची मागणी करतात, तेव्हा ती याचना नव्हे, तर लंडनमध्ये एकदा मान्य झालेल्या न्यायाचीच ती मागणी आहे. ती खंबीरपणे करावी, आणि २०४७ चा आपला शब्दही तितक्याच कसोशीने पाळावा.