डॉ. भाऊ दाजींची पूर्वतयारी

वैद्यक शिकण्यापूर्वीं रसायन व पदार्थविज्ञान पक्कें असावें, असें आज मानितात. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी यांस ती पूर्वतयारी अध्यापनांतच लाभली. ग्रँट मेडिकल कॉलेज इ. स. १८४५ मध्यें सुरू झालें, त्यापूर्वीं ते एल्फिन्स्टन संस्थेंत हेच विषय शिकवीत असत. गुरूचें आसन सोडून ते पुनः विद्यार्थी झाले व १८५१ मध्यें पहिल्याच तुकडींत पदवीधर झाले. पुढें अजिंठ्याचे लेख वाचतांना त्यांनीं जी चिकित्सा दाखविली, तिचें मूळ याच शिस्तींत असावें, असें आम्हांस वाटतें. त्यांचा पोथीसंग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहे. पोथी जमविणें सोपें. ती पारखण्यासाठीं प्रौढ वयांतही शिष्य होण्याची तयारी हवी, हें संग्राहकांनीं विसरूं नये.