पाटोद्याचे एसटी तिकीट आणि विमानाचे बदल-शुल्क

ठरलेल्या वेळेच्या आधीची गाडी किंवा विमान पकडता यावे आणि त्यासाठी जादा पैसे पडू नयेत, ही आज सवलत समजली जाते. पूर्वी मात्र तीच साधी रीत होती. बदलाचे शुल्क मागाहून आले. तिकीट नुसत्या अंतराचे असते तोवर असे शुल्क आकारायला जागाच नसते. तिकिटाला तारीख, वेळ आणि आसन जोडले गेले की ती तयार होते. बीड जिल्ह्यातील पाटोद्याहून विमान गाठायला निघालेल्या प्रवाशाला तिकिटाचे हे दोन्ही प्रकार एकाच दिवसात हाताळावे लागतात.

बालाघाटाच्या डोंगररांगेतला पाटोदा तालुका मांजरा नदीचे उगमस्थान म्हणून ओळखला जातो. तालुक्याचे गाव मांजरसुंबा ते जामखेड या रस्त्यावर आहे. स्वातंत्र्यापूर्वी पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर शेजारचे जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई प्रांतात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर धावली. त्या वेळी पाटोदा संस्थानी हद्दीतच होते. हैदराबादचे विलीनीकरण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये तिथली बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली. आज पाटोद्याला एसटीच्या बीड विभागाचे आगार आहे.

एसटीच्या साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. यंत्रे येण्यापूर्वी कंडक्टरच्या पेटीत निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे असत. भाड्याची रक्कम जुळवून तो तिकिटे फाडी आणि टप्प्याच्या आकड्यावर चिमट्याने भोक पाडी. प्रवासी गाडीत बसल्यावरच तिकीट निघत असल्याने आधीची गाडी मिळाली तर बदलण्यासारखे काही उरत नसे. नऊची गाडी धरायला आलेला माणूस आठची उभी दिसली की तिच्यात बसे. हातात यंत्र आले तरी हा व्यवहार तसाच राहिला. गाडी वाटेत बंद पडली तर प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवून देतात आणि तिकीट तेच चालते.

आरक्षणाने हे चित्र पालटले. रातराणीसारख्या लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट काढताना ठरावीक गाडीतले ठरावीक आसन राखले जाते, आणि ते सोडले तर रिकामे जाण्याचा धोका असतो. रेल्वेतही हाच भेद दिसतो. खिडकीवर काढलेल्या आरक्षित तिकिटाची तारीख गाडी सुटण्याच्या ४८ तास आधीपर्यंत एकदाच पुढे-मागे करता येते. अनारक्षित तिकिटाला गाडीचे बंधन नसले तरी जवळच्या प्रवासासाठी वेळेची मर्यादा आहे. पाटोदेकरांना मात्र रेल्वे दीर्घकाळ दूरचीच होती. नगरहून आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली आणि बीडपर्यंत २०२५ मध्ये.

विमानाचे तिकीट पहिल्यापासून तारखेचे असूनही बराच काळ सैल होते. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, तिथून देशातील नियमित हवाई सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या काळी पूर्ण भाड्याचे तिकीट साधारणपणे वर्षभर चाले. ते कागदी कूपनांचे पुस्तक असे. प्रवाशाने बेत बदलला की कर्मचारी नव्या उड्डाणाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी कूपनावर लावून देत.

शुल्काचे मूळ अमेरिकेत सापडते. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ मध्ये ‘सुपर सेव्हर’ नावाची स्वस्त भाडी आणली. १९७८ च्या कायद्याने तिथे भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठले. रिकामी आसने स्वस्तात विकायची, पण ऐनवेळी निघणाऱ्या कामकाजी प्रवाशाने मात्र पूर्ण भाडेच मोजावे, असा कंपन्यांचा हिशेब होता. म्हणून स्वस्त तिकिटाला आगाऊ खरेदीची आणि परतावा न देण्याची अट घातली गेली. बदलाचे शुल्क हे त्याच कुंपणाचा भाग.

भारतात १९९४ मध्ये हवाई महामंडळांचा मक्ता कायद्याने संपला आणि २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास सुरू केला. २००८ मध्ये जगभर कागदी तिकिटे जवळपास संपली आणि चिकटपट्टीची जागा संगणकातल्या नोंदीने घेतली. बदल करणे सोपे झाले, पण महागही झाले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या प्रवासी सनदेने थोडी मोकळीक दिली: उड्डाणाला सात दिवस किंवा अधिक अवकाश असेल, तर बुकिंगनंतर २४ तासांत तिकीट विनाशुल्क रद्द करता येऊ लागले. कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर दुसरे उड्डाण किंवा परतावा देणे तिच्यावर बंधनकारक असते.

करोनाकाळात, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरील बदल-शुल्क काढून टाकले. त्याच दिवशीच्या आधीच्या उड्डाणासाठी विनाशुल्क प्रतीक्षायादीत नाव घालण्याची सोयही काहींनी केली. ऐनवेळी आसन रिकामे राहिले तरच ते मिळते. शुल्क माफ असले तरी तारीख बदलताना भाड्यातला फरक बहुधा भरावा लागतो, आणि सर्वांत स्वस्त तिकिटे अनेकदा या सवलतीबाहेर असतात. पाटोद्याहून पुण्याचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे विमानतळ गाठणारा प्रवासी रस्त्याचा भरवसा नसल्याने हातात वेळ ठेवून निघतो. तो लवकर पोहोचला तरी आधीचे विमान विनाशुल्क मिळेल की नाही, हे रिकाम्या आसनाइतकेच त्याने घेतलेल्या तिकिटाच्या भाडेप्रकारावर ठरते.